तळ्यापलीकडे

गाढव ओरडलं तेव्हा बस सिग्नलला उभी होती. नेहमीचा रस्ता कुठल्याशा पाइपासाठी खणून ठेवला होता, त्यामुळे बस आज भलत्याच वाटेनं चालली होती आणि ही वाट कुठली, याकडे तिचं लक्ष नव्हतं. मांडीवरच्या पिशवीत पुठ्ठ्याच्या खोक्यात तिनंच घडवलेली एक वरची कवळी होती. ती दुपारच्या आत दंतवैद्याकडे पोचवायची होती, आणि बसायला जागा मिळाल्यापासून ती त्या कवळीच्या डावीकडच्या सुळ्याचाच विचार करत होती. जरा जास्तच सरळ बसलाय का, माणसाचा वाटतो की दुकानातला वाटतो. तेवढ्यात ते ओरडणं आलं. आधी कुणीतरी मोठा श्वास आत ओढल्यासारखं, मग गंजलेला पंप हापसत राहावा तसं, थांबेल थांबेल म्हणता पुन्हा सुरू होणारं. भर शहरात, दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती असताना. सगळ्या बसनं फोनमधून माना वर काढल्या. मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, "आमच्या साहेबांना कळलेलं दिसतंय मी उशिरा येतोय ते," आणि अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून हसली. ती हसली नाही. ती उठून उभी राहिली होती. नावानं हाक ऐकली की माणूस आधी उठतो आणि मग कुणी मारली ते बघतो, तशी. शेजारच्या बाईनं गुडघे बाजूला घेतले, तिनं घंटीचं बटण दाबलं, आणि चालकाची बोलणी खात ती भर रस्त्यात उतरली.

फाटक अजून होतं. तिच्या आठवणीत ते उंच होतं. आता तिच्या खांद्याला लागत होतं. वर पाटी: प्राणीबाग, सर्वांसाठी खुली. तिकिटाची खिडकी तेव्हाही नव्हती, आताही नव्हती. ही बाग कधीच सरकारची नव्हती, की कुणा धनवंताची नव्हती. खूप पूर्वी एक सर्कस इथून हलताना म्हातारं अस्वल आणि लंगडं गाढव मागे टाकून गेली, आणि आसपासच्या लोकांनी त्या दोघांचं काय करायचं, काय करायचं म्हणत त्यांच्याभोवती कुंपण घातलं. मग कुणी जखमी हरीण आणून सोडलं, कुणाला घर बदलताना कासव नेता आलं नाही. सुतारानं पिंजरे ठोकले, शाळेतल्या बाईंनी पाट्या रंगवल्या. चार जणांचं होता होता ती बाग झाली. असं बाबा सांगायचे. त्यात किती खरं आणि किती त्यांच्या पदरचं, हे तिला कधी कळलं नाही. कारण बाबांच्या पदरचंच जास्त चांगलं असायचं.

ती आत शिरली, आणि पहिल्यांदा आला तो वास. ओलं गवत, लेंड्या, तळ्यातलं शेवाळ, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी भिजलेल्या लोकरीचा. लहानपणचं काही आठवायचं म्हटलं की माणूस चित्रं शोधत बसतो, पण ही सगळी बाग तिच्या नाकात जशीच्या तशी पडून होती. तिनं तोंड उघडून श्वास घेतला. आठ वर्षांची ती, अकरा वर्षांचा दादा, आणि रविवारची सकाळ. आई दोघांना फाटकापर्यंत आणायची. फाटकाच्या आत बाबा उभे असायचे, भांग पाडलेला, हात पाठीमागे. आई फाटकाच्या बाहेर, बाबा आत, आणि मधली चार पावलं दादानं आणि तिनं चालायची. आई म्हणायची, "पाचला." बाबा म्हणायचे, "पाचला." दोघांचं आठवड्याचं बोलणं एवढंच. मग आई वळायची, आणि तिचा तपकिरी कोट रस्त्याच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत बाबा गप्प असायचे. कोट दिसेनासा झाला की हात पाठीमागून पुढे यायचे. "हं," बाबा म्हणायचे, "या, घरात या. पाय पुसा."

कारण ते बाबांचं घर होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कारखान्याच्या वरच्या खोलीत आणखी दोघांबरोबर राहायचे. तिथं तीन खाटा मावायच्या, मुलं मावत नव्हती. हॉटेलात किती वेळ बसणार, आणि रस्त्यानं किती हिंडणार. बागेला कुणी काही विचारत नव्हतं. तेव्हा बाबांनी बागेचंच घर केलं. अस्वलाचा पिंजरा ही बाहेरची खोली, कारण "आजोबांना पाहुण्यांची आवड आहे." बदकांचं तळं हे न्हाणीघर. हरणांच्या कुंपणासमोरचं लांब बाक ही बसायची खोली, तिथं डबा उघडायचा. साळिंदराला बाबा शेजारीण म्हणायचे. "हळू बोला, शेजारीण सगळं ऐकते आणि मग अंगावर काटा आणते." दादा पोट धरून हसायचा. पाऊस आला की तिघं पक्ष्यांच्या घराच्या पत्र्याखाली उभी राहायची आणि बाबा वर बघून म्हणायचे, घरमालकाला किती वेळा सांगितलं छत गळतंय म्हणून. हे बाबा इतकं बोलायचे की संध्याकाळी त्यांचा घसा बसायचा. आणि तिला आठवत होतं, घरी असताना, ते खरंखुरं घर होतं तेव्हा, हेच बाबा चार चार दिवस बोलत नसत. भांडण नसायचं. ताट वाजायचं नाही, दार आपटायचं नाही. नुसतं तोंड मिटलेलं, आणि त्या मिटलेल्या तोंडाभोवती आई घर आवरत फिरायची. दोघंही माणसं चांगली होती, पण एका खोलीत ठेवली की दोघंही विझायची.

अस्वलाच्या पिंजऱ्यात आता फावडी आणि पाण्याचे पाइप होते. ती गजांपाशी उभी राहिली. मागून ढकलगाडी घेऊन एक उंच बाई आली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस पिकलेले. आठवड्यातून काही दिवस इथं काम करायला येणाऱ्यांपैकी ती एक होती. एरवी हिशेब तपासण्याचं काम करायची, असं तिनं आपणहून सांगितलं, जणू बुटांचा खुलासा करायला हवा होता.

"अस्वल कधी गेलं?" तिनं विचारलं.

"अस्वल? अहो, ते मी यायच्या कितीतरी आधी. तुम्ही पाहिलंय का त्याला?"

"दर रविवारी."

"भाग्यवान आहात. इथं जो तो त्याच्या गोष्टी सांगतो, पाहिलेलं मात्र कुणी भेटत नाही." बाईनं ढकलगाडी खाली ठेवली. "कसं होतं हो?"

कसं होतं? तिच्या डोळ्यांसमोर गजांवर टेकलेलं ते करडं नाक आलं, आणि नाकाशेजारी गजांवरच टेकलेलं बाबांचं कपाळ. दोघं एकमेकांकडे बघत नसत. दोघं बाहेर बघत असत. "म्हातारं होतं," ती म्हणाली, "पण माणसांची आवड होती त्याला." आणि मग फोन वाजला. दंतवैद्य विचारत होते, "ताई, आहात कुठं? पेशंट केव्हाचे तोंड उघडून बसलेत."

संध्याकाळी जिने चढताना तिला वाटलं, आईला सांगू नये. तिच्या आणि आईच्या मध्ये बाबांचा विषय कधी निघत नसे. निघाला तरी आई त्यावर झाकण ठेवी, आणि तेही आदळून नव्हे, अगदी अलगद. बाबा ती पंधरा वर्षांची असताना बदलीच्या शहरी गेले. रविवार आधी महिन्याचे झाले, मग सुट्ट्यांचे झाले, मग नुसत्या फोनचे. आणि तिकडेच, तिचं शिक्षण संपून ती कामाला लागल्यावर काही वर्षांनी, एका सकाळी गेले. आई तेव्हा इस्पितळातल्या कपड्यांच्या खोलीची प्रमुख होती. बातमी ऐकून तिनं चादरींचा हातातला गठ्ठा मोजून पूर्ण केला आणि मग ती खुर्चीवर बसली, असं तिथल्या बायकांनी नंतर सांगितलं होतं. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "लिफ्टवाल्याशी लग्न केलं आणि जन्मभर जिने चढले." तिला त्या वेळी ते फार कठोर वाटलं होतं. आई कठोर आहे हे तिनं लहानपणीच मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ते ठरवलं होतं ते रविवारच्या संध्याकाळींवरून. पाचला फाटकावरून आई त्यांना घ्यायची. दादा आणि ती गोष्टींनी ओसंडत असायची. हरणाला पाडस झालं, कासव उलटं पडलं, बदकानं बाबांच्या बुटाची लेस ओढली. आईनं विचारावं, काय काय पाहिलंत, एवढीच वाट असायची. आईनं ते कधी विचारलं नाही. एकदाही नाही. "हात धुवा," ती म्हणायची, आणि गोष्टी पाण्याबरोबर निघून जायच्या. हळूहळू त्यांनी सांगायचं सोडून दिलं. आईला तिचा रविवार मोकळा मिळतो, म्हणून ती आपल्याला तिकडे सोडते, असं दादा एकदा अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाला होता, आणि अंधारात तिनं मान हलवली होती.

आणि आता आई एक्याऐंशी वर्षांची होती. उन्हाळ्यात जिन्यावर पडल्यापासून काठी घेऊन चालत होती. दादाच्या शहरात दादाचं घर तळमजल्यावर, पुढे अंगण, सून प्रेमळ. पुढच्या आठवड्यात गुरुवारी दादा गाडी घेऊन येणार होता आणि आईला घेऊन जाणार होता. सगळं ठरलं होतं. "तुम्ही ठरवाल तसं," आई म्हणाली होती, आणि तिला, म्हणजे जिनं लग्न केलं नाही, जिनं तीस वर्षं या आईबरोबर एका छताखाली मेणानं आणि प्लास्टरनं माखलेले हात घेऊन जेवण केलं तिला, त्या क्षणी छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं होतं. ते वाटणं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री कधी कधी ती स्वतःलाच विचारायची, हे हलकं वाटणं म्हणजे नेमकं काय. आणि उत्तर यायच्या आत कूस बदलायची.

तरी तिनं सांगितलंच. आई खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती, दोरा दातानं तोडत होती. दात सगळे तिचे स्वतःचे होते. याचा आईला अभिमान होता आणि लेकीच्या धंद्याला टोमणाही.

"आज मी प्राणीबागेत गेले होते," ती म्हणाली. "बस तिकडून गेली. गाढव ओरडलं."

आईचे हात थांबले. "अजून आहे?"

"गाढव? ते कसं असेल, दुसरं असणार."

"बाग."

"आहे. अस्वल नाही आता. बाकी आहे."

आईनं पुन्हा सुई चालवली. बटण लावून झालं, तरी ती त्याच बटणातून दोरा काढत राहिली. मग सुईकडेच बघत म्हणाली, "रविवारी ने मला."

"तुला? तुला तर प्राण्यांचा वास सहन होत नाही."

"असं कोण म्हणालं?"

"तूच. दादा किती मागे लागायचा, आत चल, आत चल म्हणून. तू म्हणायचीस वासानं डोकं चढतं."

"म्हणायचे खरी," आई म्हणाली. "ने तरीपण."

रविवारी ऊन कोवळं होतं आणि बागेत मुलांची गर्दी होती. टॅक्सीतून उतरताना आईनं काठी आधी टेकवली, मग पाय. जुनाच तपकिरी कोट, कोपरांवर विरलेला. तो तिनं कपाटाच्या कुठल्या तळातून काढला होता कोण जाणे. फाटकापाशी आई थबकली. तिला वाटलं, आता आई परत फिरेल; फाटकाच्या आत आईची कल्पनाच तिला करता येत नव्हती, जसं एखाद्या फोटोतल्या माणसाला चौकटीबाहेर पाय टाकताना कल्पिता येत नाही. पण आई आत आली. आत आल्यावर दोन वाटा फुटतात. डावीकडची रुंद, ती हरणांकडे जाते, सगळे तिकडेच वळतात. तिनं आईचा दंड धरला आणि ती डावीकडे वळली. आईची काठी उजवीकडे वळली.

"इकडून," आई म्हणाली.

"आई, तिकडे काही नाही. पक्ष्यांच्या घराची मागची बाजू आहे नुसती."

"माहितीये," आई म्हणाली. "इकडून जवळ पडतं."

ती थांबली. आई थांबली नाही. काठी टेकत, पण कुठे टेकायची याचा क्षणभरही विचार न करता, आई त्या अरुंद वाटेनं चालली होती. पुढे झाडाची एक मुळी वाटेवर आडवी आली होती. आईनं खाली न बघता त्या जागी पाय जरा उचलला. तिनं स्वतः ही वाट कधी पाहिली नव्हती. इतक्या रविवारी इतके तास या बागेत काढून तिला हे ठाऊक नव्हतं की पक्ष्यांच्या घरामागून बदकांच्या तळ्याला वळसा घालून जाता येतं, आणि तिथं, तळ्याच्या पलीकडच्या काठावर, मेंदीच्या दाट कुंपणाआड एक बाक आहे. आई त्या बाकावर बसली. मधोमध नाही, अगदी कडेला, डाव्या टोकाला. कुंपणात त्या टोकासमोर एक फट होती. फटीतून तळं दिसत होतं, तळ्यापलीकडे हरणांचं कुंपण, आणि कुंपणासमोरचं ते लांब बाक. त्या बाकावर आत्ता कुणीतरी बाई लहान मुलाला केळं सोलून देत होती, आणि इतक्या दुरूनही मुलाचं तोंड स्वच्छ दिसत होतं.

ती उभीच राहिली. जे विचारायचं होतं त्याचं उत्तर समोर बसलं होतं, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"दर रविवारी?" अखेर ती म्हणाली.

"दर कसा जमेल. तुम्ही आत वळलात की वळणावरून परत यायचे, पाचच्या आधी बाहेर पडायचे. पावसात नाही यायचे. ताप होता तेव्हा एकदा नाही आले."

"आणि आम्हाला वाटायचं..." तिनं वाक्य सोडून दिलं. एकेक आठवण जागची हलत होती. रविवारी संध्याकाळी घरी परतल्यावर सकाळची भांडी तशीच पडलेली असायची, दोरीवरचे कपडे तसेच. दादा म्हणायचा, आई झोपा काढते. थंडीतही आईचं नाक उन्हानं लाल झालेलं असायचं. आणि पाचला ती कधी उशिरा यायची नाही, एक मिनिटही नाही. फाटकाकडे ती नेहमी डावीकडून चालत यायची, आणि घर तर उजवीकडे होतं.

"का पण?" ती म्हणाली. "बाबांवर भरवसा नव्हता?"

"पहिल्या वेळी तेच," आई म्हणाली. "म्हटलं, याला पोरं सांभाळायची सवय नाही, तळ्यात बिळ्यात पडतील. म्हणून थांबले. बघते तर हा बोलतोय." आई हसली, फटीतून पलीकडे बघत. "हातवारे काय, नकला काय. काय बोलतो ते ऐकू नाही यायचं इथपर्यंत, बदकं किती ओरडतात. पण तुम्ही दोघं हसायचात ते ऐकू यायचं. मी म्हटलं, अगं बाई, हा कोण माणूस? हा इतकी वर्षं होता कुठं?"

एक बदक पाण्यातून वर आलं, अंग झाडलं आणि दोघींकडे दुर्लक्ष करून पुन्हा खाली गेलं. ती आईशेजारी बसली. बाकाची मधली जागा आईनं मोकळी ठेवली होती, ती आपोआप तिथं बसली.

"मग यायचं होतंस," ती म्हणाली. "पलीकडे यायचं, बसायचं."

"आले होते की. तुला आठवत नसेल. वारा सुटला होता एकदा, तुझ्या अंगात काही नव्हतं."

तिला आठवत होतं. लाल स्वेटर. आई धापा टाकत अचानक समोर उभी राहिली होती, स्वेटर तिच्या डोक्यातून ओढून घातला होता, केस विस्कटले होते, आणि एक शब्द न बोलता आई निघून गेली होती. घरून इतक्या लांब, केवळ बाबांना मुलीला काय घालावं कळत नाही हे दाखवायला आली, असं तिला त्या वयात वाटलं होतं, आणि पुढे मोठ्या वयातही तिनं ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. बाबांचा अपमान झाला म्हणून ती रडली होती, असंही आता आठवलं.

"तो बाकावर सरकला," आई म्हणाली.

"कोण?"

"तुझा बाप. मला बघितलं आणि सरकला. जागा केली त्यानं."

"मग?"

"मग काय." आईनं काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "तुम्हाला काहीतरी सांगत होता तो, ते अर्ध्यावर थांबलं. मला बघितल्याबरोबर तोंड मिटलं त्याचं, घरी मिटायचं तस्सं. तुम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे बघत बसलेली, पुढे काय, पुढे काय. आता मी तिथं टेकले असते ना, तर ते पुढचं राहूनच गेलं असतं. मी तुला स्वेटर घातला आणि आले परत. त्या वळणावर पोचले असेन नसेन, त्यानं पुन्हा सुरू केलं. दादा हसला. तेवढं ऐकलं आणि येऊन बसले इथं."

पलीकडच्या बाकावरून केळंवाली बाई उठली होती आणि बाक रिकामं झालं होतं. बाबा त्या दिवशी काय सांगत होते, हे ती आठवायचा प्रयत्न करत होती. स्वेटरच्या आतला अंधार आठवत होता, लोकरीतून दिसणारा लाल उजेड, कानावर ओढला गेलेला गळा. गोष्ट आठवत नव्हती. ती गोष्ट पुरी व्हावी म्हणून एक बाई उठून गेली होती, आणि ऐकणारीनं ती हरवून टाकली होती.

"घरी आल्यावर तू कधी विचारलं नाहीस," ती म्हणाली. "काय पाहिलंत म्हणून. एकदासुद्धा नाही."

"मला ठाऊक असायचं. ठाऊक असून विचारायचं म्हणजे नाटक करायचं. आणि विचारलं असतं तर माझ्या तोंडून निसटलं असतं काहीतरी. बदकानं लेस ओढली म्हणालात, की मी म्हणाले असते, हो ना, किती वेळ ओढत होतं. मग तुम्ही त्याला सांगितलं असतंत. मग तो इथं मोकळेपणानं बोलला असता का?" आई जरा थांबली. "तुम्हाला वाईट वाटायचं, ते दिसायचं मला. पण दोन्ही कसं साधणार."

हे आई इतकं सरळ बोलली की तिला वाटलं, हे कितीतरी वर्षं आत असंच पडून होतं. कुणी विचारण्याचीच खोटी होती. आणि विचारणार तरी कोण होतं. दोघी एकाच टेबलावर समोरासमोर बसून गेली तीस वर्षं एकमेकींना मीठ देत होत्या. कवळी करताना ती आधी माणसाच्या रिकाम्या तोंडाचा साचा घेते. जे नाही त्याचा आकार मिळाला की मगच जे हवं ते बसवता येतं. आईच्या न बोलण्याचा साचा तिनं लहानपणीच घेतला होता, पण त्यात तिनं भलतंच बसवून ठेवलं होतं, आणि ते तिला आजवर कधी टोचलंही नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "गुरुवारी जाऊ नकोस."

आईनं पहिल्यांदाच फटीतून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. "अगं, तो सुट्टी काढून येतोय. तिकडे तळमजला आहे, अंगण आहे. इथं चार मजले आणि लिफ्ट नाही."

"मी खालच्या मजल्यावर घर बघते. मला कामाला कुठूनही जाता येतं."

"तुला मोकळं वाटलं होतं, मी जाते म्हटल्यावर," आई म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता; अभ्र्याचं बटण कुठं तुटलंय ते दाखवावं, तसा आवाज होता.

तिचा चेहरा तापला. "वाटलं होतं," ती म्हणाली.

"वाटणारच. मी काही सोपी नाही." आईनं तिच्या हातावर हात ठेवला. तो हात कोरडा आणि हलका होता, आणि तो तिथं किती वेळ राहणार हे माहीत नसल्यासारखी ती अजिबात न हलता बसली. "दादाला मी सांगते," आई म्हणाली. "तू सांगितलंस तर तो तुझ्याशी भांडेल. माझ्याशी भांडायची त्याला सवय नाही. येऊ दे त्याला गुरुवारी, चार दिवस राहील इथंच. पण घर खरंच बघ हं. पुढच्या उन्हाळ्यात माझ्याच्यानं ते जिने व्हायचे नाहीत."

"बघते."

"आणि स्वयंपाकघरात उजेड हवा."

"हो."

मग आई उठली. तिनं कोट झटकला, कुंपणाच्या फटीतून वाकून एकदा पलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "चल आता. दाखव मला."

"काय दाखवू?"

"प्राणी. मी कुठं पाहिलेत? माझं सगळं लक्ष त्या बाकाकडे. हरणं आहेत एवढं दिसायचं, पाठमोरी. बाकी या बागेत काय काय आहे, देवाला ठाऊक."

ती बघतच राहिली आणि मग तिला हसू आलं, अगदी पोटातून, तोंडावर हात ठेवावा लागला असं. इतके रविवार बागेत येऊन आईनं एकही प्राणी धड पाहिला नव्हता! आईलाही हसू फुटलं. दोघी एकमेकींना धरून हसत त्या मुळीवरून पलीकडे आल्या आणि रुंद वाटेला लागल्या, तेव्हा समोरून येणारं एक कुटुंब कौतुकानं बाजूला झालं.

हरणांपाशी आई फार वेळ थांबली नाही. "ही तर ओळखीची आहेत," म्हणाली. सशांना तिनं जाता जाता शाबासकी दिली. एमूसमोर मात्र ती एकदम मागे सरकली. तो कुंपणावरून मान काढून तिच्या कोटाकडे रोखून बघत होता. "अगंबाई, केवढे डोळे हे! आणि पापण्या बघ. हा काय बघतोय माझ्याकडे?" तो तसाच बघत राहिला तेव्हा आईनं कोटाचं वरचं बटण लावून घेतलं. कासव काहीच करत नव्हतं, तरी त्याच्यापाशी आईला बाक हवं झालं आणि दोघी तिथं बसून राहिल्या, कासवानं एक पान अर्धं खाल्लं, अर्धं ठेवलं, आणि आई म्हणाली, "बरोबर आहे त्याचं, घाई कसली." गाढव काळं होतं, तरुण होतं, आणि ओरडायच्या मनःस्थितीत नव्हतं. आई प्रत्येक गोष्ट विचारत होती. हे काय खातं, ते रात्री कुठं झोपतं, याला एकट्याला करमतं का. निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिला येत नव्हती. सुरुवातीला ती तसं सांगत होती. मग पदरचं सांगू लागली, आणि आईला ते कळत होतं, आणि आई तरीही मान डोलवत होती.

उन्हं कलली. रबरी बुटांची बाई फाटक लावायची वेळ झाली म्हणून हाका घालत फिरू लागली, मुलं रडत रडत निघाली. आईचा पाय आता ओढत होता. तिनं टॅक्सीसाठी फोन काढला, तेव्हा आई काठीनं अगदी टोकाच्या कोपऱ्याकडे खुणावत होती. तिथं जाळीचं एक लहान, अंधारं घर होतं.

"तिथं काय आहे?"

"घुबड. पण झोपलेलं असेल, आई. लहानपणी आम्ही किती वेळा जायचो, आम्हाला कधी जागं दिसलं नाही."

"असू दे झोपलेलं. बघू तर."

दोघी हळूहळू गेल्या. जाळीच्या आत एका फांदीवर राखाडी गाठोड्यासारखं काहीतरी बसलं होतं, खोडाला चिकटून, खोडाचंच झालेलं. आईनं जाळीला नाक लावलं आणि वाट पाहू लागली. मागे हाका जवळ येत होत्या. त्या बाईला हात करून तिनं जरा थांबायला सांगितलं. आईला वाट बघायची सवय होती, हे तिला आता कळत होतं. ती न हलता, न कंटाळता उभी होती, श्वाससुद्धा हळू घेत. आणि मग त्या गाठोड्यात एक पिवळा डोळा उघडला. दुसरा उघडला. घुबडानं मान वळवली आणि थेट आईकडे पाहिलं.

आईनं मागे हात करून लेकीचा हात शोधला, तो घट्ट धरला, आणि पुटपुटली, "जागं आहे गं."